गुडघ्यातलं वंगण आणि चेहऱ्यावरचं सीरम

सांगली जिल्ह्यात क्षेत्रफळानं सर्वांत मोठा तालुका जत, आणि पाऊस त्याच्या वाट्याला मोजकाच. इथल्या गुडघ्यांना विश्रांती ठाऊक नाही. ऊसतोडीला गेलेली माणसं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. खुरपणीची बाई दिवसभर उकिडवी बसून पुढे सरकते. माडग्याळची मेंढरं राखणारा चाऱ्यामागं रान तुडवतो. वर पुन्हा पंढरीची वारी नाहीतर गुड्डापूरच्या दानम्मादेवीची पायी यात्रा असतेच. पन्नाशी-साठीत गुडघा कुरकुरू लागला की घरगुती लेप-शेक होतात आणि मग मिरज गाठली जाते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून या भागातली मोठी दुखणी तिकडेच जातात. सीमेलगतच्या गावांना विजापूरही जवळ पडतं. तपासून परत आलेला माणूस पारावर बसून सांगतो, ''वंगण संपलंय म्हणाले. जेल भरून घ्या म्हणाले.''

त्याच घरातली कॉलेजात जाणारी नात मोबाइलवर सीरमची बाटली मागवत असते. आजीच्या गुडघ्यातलं जेल आणि नातीच्या बाटलीतलं सीरम, दोन्हींत द्रव्य एकच आहे: हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. हे द्रव्य बनावट नाही, उपयोगाचंही आहे. त्याच्या नावावर जे विकलं जातं आणि जे सांगितलं जातं, त्यात मात्र बरीच भेसळ आहे.

१९३४ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरापासून ते प्रथम वेगळं काढलं. रासायनिकदृष्ट्या ती साखरेच्या दोन रेणूंची आलटून-पालटून गुंफलेली फार लांब साखळी आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात ते सुमारे १५ ग्रॅम असतं, म्हणजे चमचाभर साखरेच्या तिप्पट वगैरे. त्यातलं जवळजवळ निम्मं कातडीत असतं. बाकीचं सांध्यांत, डोळ्यांत आणि इतरत्र. ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की या साठ्यातला सुमारे एक तृतीयांश भाग शरीर रोज मोडून टाकतं आणि तेवढाच नवा बनवतं. पुढच्या निम्म्या गैरसमजांचं उत्तर या एका वाक्यात आहे.

या द्रव्याचा सर्वांत निर्विवाद उपयोग जाहिरातीत कधी दिसत नाही. मोतीबिंदू काढताना बुबुळामागची नाजूक जागा फुगवून धरायला आणि आतल्या पेशींना धक्का लागू नये म्हणून डॉक्टर डोळ्यात एक घट्टसर जेल घालतात. एन्द्रे बालाझ या हंगेरियन-अमेरिकन संशोधकानं शुद्ध हायल्युरॉनिक अ‍ॅसिड तयार केलं आणि १९८०च्या सुमारास ते या कामासाठी बाजारात आलं. आपल्याकडे याच कामाला मिथाइल सेल्युलोज जातीचं स्वस्त जेलही वापरतात आणि तेही काम भागवतं. तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत ते जाऊन आलंय, त्यांना नावही माहीत नाही.

आता गैरसमजांकडे. आधी चेहऱ्याचं उरकून घेऊ, तो विषय सोपा आहे.

गैरसमज: अ‍ॅसिड आहे, चेहरा भाजेल.

नाही भाजत. बाटलीत बहुतेक वेळा त्याचा सोडियम क्षार असतो. साल काढणारी ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडं वेगळी, त्यांचा याच्याशी संबंध नाही. सीरम लावून चुरचुरलंच, तर दोष बहुधा त्यातल्या सुगंधाचा किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्याचा असतो.

गैरसमज: ते स्वतःच्या हजारपट पाणी धरून ठेवतं आणि कातडीच्या खोल थरांत जाऊन सुरकुत्या भरून काढतं.

हजारपटीचा आकडा जवळपास प्रत्येक बाटलीवर दिसतो. पातळ द्रावणात ही लांब साखळी पसरून भरपूर जागा व्यापते आणि त्या जागेत पाणी असतं, एवढाच त्याचा आधार. साखळीला खरोखर बांधलं गेलेलं पाणी त्याच्या तुलनेत अगदी थोडं. आणि मोठ्या रेणूंचं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड कातडीच्या वरच्या मृत थरापलीकडे जात नाही. ते पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरून बसतं. तुकडे करून लहान केलेले रेणू थोडे आत शिरतात, पण फार लहान तुकडे कातडीला चिडवू शकतात असंही दिसलं आहे. सुरकुती ज्या थरात तयार होते तिथं बाटलीतला माल पोहोचवणं सोपं काम नाही.

मग सीरमचा उपयोग शून्य का? तसंही नाही. वरचा थर ओलसर राहिला की कातडी काही तास तुकतुकीत दिसते आणि बारीक रेघा बुजल्यासारख्या वाटतात. हे खरं, पण तात्पुरतं. शिवाय जतसारख्या कोरड्या हवेत नुसतं सीरम लावून उन्हात जाण्यात अर्थ नाही. तोंड धुतल्यावर कातडी ओली असतानाच ते लावावं आणि वर मलम किंवा क्रीमचा थर द्यावा, म्हणजे धरलेलं पाणी उडून जात नाही.

आणि स्पष्टच सांगायचं तर पाणी धरण्याचं हे काम ग्लिसरीनही करतं, आणि ते कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतं. निम्म्याहून जास्त पाणी घालून ते लावायचं, वर साधी पेट्रोलियम जेली. टाचांच्या भेगांना तर रात्री पाय भिजवून, पुसून, लगेच पेट्रोलियम जेली चोपडणं हे महागड्या सीरमपेक्षा उजवं. भेगा जुन्या असतील तर युरिया असलेलं मलम. नातीचं सीरम तिला आवडत असेल तर खुशाल लावू दे. आजीच्या औषधाचे पैसे मात्र त्यात जाऊ नयेत.

वयानुसार कातडीच्या वरच्या थरातलं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड कमी होतं, यात शंका नाही. पण चेहरा अकाली म्हातारा करण्यात वयाच्या बरोबरीनं, किंबहुना जास्त, वाटा उन्हाचा आहे. त्यामुळे बागेत जाताना डोक्यावरून पदर ओढून, तोंडाला स्कार्फ बांधून आणि साडीवर घरातल्या कुणाचा तरी जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून निघणारी बाई, तिला कुणी सांगितलेलं नसलं तरी, कातडीसाठी सर्वांत योग्य तेच करत असते.

गैरसमज: पार्लरमध्ये पेनानं ओठ भरून मिळतात, सुई नाही म्हणजे धोका नाही.

हा प्रकार मोठ्या शहरातून तालुक्याच्या गावी यायला वेळ लागत नाही, म्हणून आताच सांगायला हवं. चेहऱ्यात भरायचं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड वेगळं असतं. त्याच्या साखळ्या रसायनानं एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून ते काही महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकतं. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाते. दाबानं द्रव आत घुसवणाऱ्या बिनसुईच्या पेनांविरुद्ध अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ साली जाहीर इशारा दिला. अपघात झालाच तर भरलेलं विरघळवणारं औषध डॉक्टरांकडे असतं: हायल्युरॉनिडेझ नावाचं विकर. गंमत अशी की हेच विकर नागाच्या आणि घोणसाच्या विषातही असतं. पेशींमधलं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड फोडून ते विषाला वाट करून देतं. ज्या जिल्ह्याच्या एका टोकाला नागपंचमीचं शिराळा आहे, तिथल्या वाचकाला हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही. पार्लरमध्ये हे औषधही नसतं आणि ते कधी वापरायचं हे ओळखणारा माणूसही नसतो.

गैरसमज: पाया, डिंक, भेंडीचं पाणी, चिकट खाल्लं की सांध्यात चिकटपणा येतो.

मेंढरांच्या मुलखात पायाच्या रश्श्याविषयी वाईट बोलणं धाडसाचं आहे. चवीविषयी माझी तक्रार नाहीच. पायात, कूर्चेत, कातडीत हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असतं हेही खरं. पण पोटात गेलेली ती लांब साखळी तशीच रक्तात जात नाही. आतड्यात ती तुटते, आतड्यातले जंतू तिचे तुकडे करतात. गुडघ्यात शिरण्याचा पत्ता तिच्यावर लिहिलेला नसतो. डिंक आणि भेंडीचं तर मुळातच वेगळं आहे: वनस्पती हायल्युरॉनिक अ‍ॅसिड बनवतच नाहीत. बोटाला लागणारा भेंडीचा बुळबुळीतपणा निराळ्या द्रव्यांचा असतो. बाळंतिणीला डिंकाचा लाडू द्यावा, त्यात तूप आहे, सुकामेवा आहे, ताकद आहे. गुडघ्याचं वंगण नाही.

गोळ्या-कॅप्सूल याच रांगेतल्या. रोज १२० मिलिग्रॅम हायल्युरॉनिक अ‍ॅसिड बारा आठवडे खाल्लं की डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या थोड्या कमी दिसतात, असा जपानी अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासात माणसं होती साठ, आणि तो केला होता क्यूपी या कंपनीच्या संशोधकांनी. क्यूपी हे द्रव्य स्वतः बनवून विकते. अभ्यास खोटा असं मी म्हणत नाही. पण एवढ्यावर महिन्याचा किराणा कमी करून डबी आणावी, इतका तो पक्काही नाही.

गैरसमज: हे कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतं, शाकाहारी माणसाला चालणार नाही.

जत तालुक्यात मराठी-कानडी दोन्ही बोलणारी लिंगायत घरं भरपूर आहेत, माळकरी आहेत, जैन आहेत. हा प्रश्न त्यांच्यासाठी खरा आहे आणि डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेऊ नये. अर्धी गोष्ट बरोबर आहे: कोंबड्याच्या तुऱ्यात हे द्रव्य विपुल असतं आणि अनेक दशकं ते तिथूनच काढलं गेलं. गुडघ्याची काही नामांकित इंजेक्शनं आजही त्यापासून बनतात. पण १९८०च्या दशकापासून स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू मोठ्या टाक्यांत वाढवून ते मिळवण्याची पद्धत रुळली. आज सीरममधलं जवळजवळ सगळं आणि इंजेक्शनांपैकी बरंचसं याच पद्धतीचं असतं. म्हणून इंजेक्शन घेण्याआधी ''कोंबड्याचं की जंतूंपासूनचं?'' असं सरळ विचारावं. ज्याला अंड्याची किंवा कोंबडीची ॲलर्जी आहे, त्यानं तर विचारलंच पाहिजे.

आता गुडघा.

गैरसमज: वंगण संपलं म्हणून गुडघा दुखतो.

हे वाक्य डॉक्टरही म्हणतात, कारण ते पटकन समजतं. पण त्यातून जे समजतं ते चुकीचं असतं. सांध्याच्या आतलं अस्तर रोज हायल्युरॉनिक अ‍ॅसिड बनवून सांध्यातल्या द्रवात सोडतं. गुडघा झिजू लागला की त्या द्रवातलं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड पातळ होतं, साखळ्या तुटून आखूड होतात, बुळबुळीतपणा घटतो. इथपर्यंत 'वंगण' हा शब्द चालतो. मात्र ते कारण कमी आणि परिणाम जास्त. झिजेचा आजार सबंध सांध्याला होतो: हाडांच्या टोकांवरची कूर्चा विरते, तिच्याखालचं हाड कडक होतं, कडेला टोकं वाढतात, अस्तराला सूज येते, मांडीचा स्नायू रोडावतो. कूर्चेला तर वेदना जाणवणाऱ्या नसाच नसतात. दुखतं ते हाड, अस्तर, आवरण. काही सुजलेल्या गुडघ्यांत द्रव कमी नसतो, उलट नेहमीपेक्षा जास्त साठलेला असतो. 'पाणी झालंय' म्हणतात ते हेच. वंगण संपलेल्या गुडघ्यातून सिरिंज भरभरून पाणी निघतं, यातली विसंगती कुणाच्या लक्षात येत नाही.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या देशातल्या एका मोठ्या पाहणीत गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण २८.७ टक्के आढळलं. वय, वजन, जुनी दुखापत, बाई असणं आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून, ओझी उचलून केलेलं काम, ही त्याची ओळखलेली कारणं. ऊसतोड कामगाराला यातलं कुठलं कारण टाळता येण्याजोगं आहे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या बाहेरचा आहे, पण तो विचारल्याशिवाय 'वजन कमी करा' एवढंच सांगून मोकळं होणं बरोबर नाही.

गैरसमज: जेलचं इंजेक्शन घेतलं की वंगण पुन्हा भरतं आणि वर्षभर बघायला नको.

उन्हाळ्यात जतच्या आटलेल्या विहिरीत टँकर रिकामा करतात. पाणी दिसतं, चार दिवस घागरी भरतात. पण झरे परत आलेले नसतात. गुडघ्यातल्या जेलचं साधारण तसंच आहे. मेंढ्यांच्या सांध्यांवर झालेल्या अभ्यासात साध्या हायल्युरॉनिक अ‍ॅसिडपैकी निम्मं एका दिवसाच्या आतच सांध्याबाहेर गेलेलं दिसलं, आणि सुजलेल्या सांध्यातून तर त्याहून लवकर. साखळ्या जोडून घट्ट केलेलं जेल काही दिवस जास्त राहतं. सहा-सहा महिने वंगण आत बसून राहतं, ही कल्पना मात्र कुठल्याच इंजेक्शनला लागू पडत नाही. मग ज्यांना काही महिने आराम वाटतो तो कशानं? जेल सांध्याच्या अस्तरावर काही परिणाम करत असावं, असा एक तर्क आहे. दुसरी गोष्ट पक्की आहे: गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी पुष्कळांना बरं वाटतं, आणि महागड्या सुईनं जास्त बरं वाटतं.

म्हणूनच तुलना मिठाच्या पाण्याशी करावी लागते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२२ साली आलेल्या आढाव्यात १६९ चाचण्या आणि एकवीस हजारांहून जास्त रुग्ण एकत्र तपासले गेले. निष्कर्ष: खोट्या इंजेक्शनपेक्षा वेदना किंचित कमी होते, पण इतकी किंचित की रुग्णाला फरक पडावा त्या मर्यादेखालीच, आणि गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण मात्र जास्त. ब्रिटनची नाइस ही संस्था हे इंजेक्शन देऊ नये म्हणते. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेनं २०१३ साली त्याविरुद्ध ठाम शिफारस केली होती, २०२१ साली ती थोडी सैल करून 'सरसकट वापरू नये' अशी केली. अमेरिकेच्याच संधिवाततज्ज्ञांची संघटना २०१९ पासून गुडघ्यासाठी सहसा नको आणि खुब्यासाठी नकोच, असं सांगते. दुसरी बाजूही आहे: झिजेच्या आजारावर काम करणारी ओएआरएसआय नावाची आंतरराष्ट्रीय संस्था काही अटींवर ते चालेल म्हणते. काही चांगले, प्रामाणिक डॉक्टर ते देतातही.

माझं मत विचाराल तर काही हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत जाणारा हा खर्च पहिल्या भेटीत करण्याजोगा नाही. मूत्रपिंडाच्या किंवा अल्सरच्या त्रासामुळे ज्याला वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, व्यायाम करूनही जो अडला आहे, झीज मध्यम आहे आणि ऑपरेशनला तयारी नाही, अशा माणसानं डोळे उघडे ठेवून एकदा करून बघायला हरकत नाही. हाडाला हाड लागलेल्या गुडघ्यात ते टोचून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि त्यासाठी शेळी-मेंढी विकायची वेळ येत असेल, तर विकू नका.

गैरसमज: सुई म्हणजे सुई, सगळी सारखीच.

गावात सर्वांत धोकादायक गैरसमज हाच. गुडघ्यात टोचलेलं औषध जेल होतं की स्टेरॉइड, हे अनेकांना सांगताच येत नाही. सुई घेतली आणि दोन दिवसांत पळायला लागलो, असं कुणी सांगितलं तर ते बहुधा स्टेरॉइड होतं. जेलचा परिणाम, झालाच तर, काही आठवड्यांनी जाणवतो. सुजलेल्या गुडघ्यात अधूनमधून स्टेरॉइड देणं हा मान्य उपचार आहे, आराम काही आठवडे टिकतो. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते देत राहिल्यावर कूर्चा जास्त पातळ होते आणि वेदनेत फायदा होत नाही, हे २०१७ साली अमेरिकेतल्या चाचणीनं दाखवलं. मधुमेह्याची साखर त्यानं चढते ती वेगळीच. आणि बिनानावाच्या पुडीतून मिळणाऱ्या 'जडीबुटी'नं सगळे सांधे एकाच वेळी मोकळे झाले, तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यायलाच हवी.

गैरसमज: दुखऱ्या गुडघ्याला हलवू नये, व्यायामानं तो आणखी झिजतो.

जगातल्या सगळ्या मार्गदर्शक सूचना बाकी कशावरही भांडोत, यावर एकमत आहे: मांडीचे स्नायू बळकट करणं हा गुडघ्याच्या झिजेवरचा पहिला उपचार. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघ्यानं तो खाली दाबून पाच-दहा आकडे मोजायचे, सोडायचं. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करायचा, धरायचा, खाली घ्यायचा. रोज सकाळ-संध्याकाळ, किमान दीड-दोन महिने. आठवड्यात सोडून दिलं तर कळणार नाही. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. डायक्लोफिनॅकचं मलम गुडघ्यावर चोळणं हे गोळीपेक्षा सुरक्षित. शौचाला कमोडची खुर्ची, चुलीपुढे पाटाऐवजी स्टूल. आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायची. आपल्याकडे ती हटकून दुखऱ्या बाजूला धरलेली दिसते.

एवढं करूनही रात्रीची झोप मोडत असेल आणि घरातल्या घरात चालणं मुश्कील झालं असेल, तर जेलचे डोस वाढवत बसण्यापेक्षा सांधा बदलण्याविषयी विचारावं. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली; सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर इतका खाली आला. रुग्णालयाचा खर्च वेगळा पडतो, तेव्हा सरकारी योजनेत काय बसतं याची चौकशी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी करावी.

गुडघ्यात काहीही टोचून घेण्याआधी औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा आणि रिकामं खोकं बिलासकट घरी आणा. पुढच्या डॉक्टरला त्याची गरज लागते. इंजेक्शननंतर दोन-चार दिवसांत गुडघा लाल होऊन ठणकू लागला, गरम लागला, अंगात ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी लेप लावून वाट पाहू नका. त्याच दिवशी मिरज, सांगली किंवा विजापूर गाठा.